पाटावर शिकलेली शिकारी कुत्री

मला बढाई मारायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. माझी कुत्री वाऱ्यात नाक उचलते, लांबवर कोवळ्या गव्हात दडून बसलेला तितर हेरते आणि आहे त्या जागी थांबते. पुढचा एक पाय वर, शेपूट सरळ, नजर समोर. मी चालत तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती हलत नाही. तितर उडाला तरी हलत नाही, बंदुकीचा बार झाला तरी हलत नाही. हे तिला मी शिकवलंय. मी म्हणजे कर्वेनगरात वाढलेली, अंड्यालाही हात न लावणारी, शेत म्हणजे एक्स्प्रेस-वेच्या दोन्ही बाजूंना असतं ते, एवढीच माहिती असलेली बाई.

नावं मात्र मी इथे कुणाचीच लिहिणार नाही, कुत्रीचंही नाही. तिचं कागदोपत्री नाव इतकं लांब आहे की ते घेईपर्यंत पक्षी उडून जाईल.

आम्ही फेल्डहोवन या डच गावी आलो ते नवऱ्याच्या नोकरीसाठी. मी घरून आठवड्याचे चार दिवस सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, शुक्रवारी सुट्टी असते. लेक शिकायला डेल्फ्टला गेली तेव्हा शुक्रवार अंगावर यायला लागले. मग सायकल काढायची आणि गावाबाहेर शेतांच्या कडेकडेने जायचं, असा नेम लावून घेतला. अशाच एका शुक्रवारी मक्याच्या कापलेल्या शेतात एक पांढरी-तपकिरी कुत्री एक पाय उचलून उभी दिसली. मला वाटलं, पायात काटा गेलाय. मी सायकल थांबवून बघत राहिले. ती हलेना, म्हणून मीही हलले नाही. मागून एक उंच म्हातारबुवा सावकाश चालत आले, तिच्या बाजूने पुढे गेले, आणि त्यांच्या बुटांसमोरून एकदम पक्षी उठले. कुत्री तशीच उभी. समोर हवं ते दिसतंय, पायात बळ आहे, आणि तरी थांबायचं. असा संयम मी माणसातही फारसा पाहिलेला नव्हता. माझ्यात तर नाहीच, हे घरी कुणीही सांगेल.

म्हातारबुवा शेजारच्या गावचे निवृत्त शेतकरी, शिकारी, आणि याच जातीच्या कुत्र्यांची पैदास करणारे. ही इथलीच जुनी जात, नावातच तितर असलेली. मी पिल्लू मागितलं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून अशी चौकशी केली, जशी माझ्या सासरच्यांनीही केली नव्हती. शिकार करता का? नाही. आधी कुत्रा पाळलाय? नाही. पक्षी खाता का? मी शाकाहारी आहे म्हटल्यावर ते बराच वेळ कॉफी ढवळत राहिले, साखर न घालता.

त्यांनी नाही म्हटलं. मी पुढच्या शुक्रवारी परत गेले, त्याच्या पुढच्याही गेले. कुंपणाशी उभी राहून त्यांचं शिकवणं बघायचे आणि घरी येऊन वहीत लिहून काढायचे. चिकाटी म्हणा, निर्लज्जपणा म्हणा. अखेर त्यांनी हात टेकले, पण कोऱ्या कागदावर अट लिहून माझ्यासमोर ठेवली. कुत्री दोन वर्षांची व्हायच्या आत तिने शेतातल्या परीक्षेत प्रमाणपत्र मिळवायचं. नाही मिळालं तर ती परत त्यांच्याकडे, आणि तिथून उत्तरेतल्या एका शिकाऱ्याकडे. तो शिकारी आधीच रांगेत उभा होता. ही कामाची जात आहे, सोफ्यावर झोपवायला मी पिल्लं काढत नाही, असं ते म्हणाले.

नवऱ्याने तो कागद गृहकर्जाचे कागद वाचावेत तसा दोनदा वाचला आणि विचारलं, हे पिल्लू आहे की प्रोबेशनवरचा ट्रेनी? मी सही केली. तेव्हा ती आठ आठवड्यांची होती आणि माझ्या बुटाच्या नाडीला लोंबकळत होती. दोन वर्षं हा काळ मला तेव्हा खूप मोठा वाटला.

शिकवणं सुरू झालं ते पाटावर. पुण्याहून आणलेला, पितळी फुलांचा शिसवी पाट. सणावारी पंगत मांडू म्हणून आणला आणि पहिल्या दिवसापासून माळ्यावर धूळ खात पडला. म्हातारबुवांनी सांगितलं होतं की पिल्लाला थांबायला शिकवायचं तर त्याला फळीवर उभं करा. चारही पाय फळीवर आहेत तोवर सगळं छान, खाली उतरलं की पुन्हा वर. फळीची कड पिल्लाला कळते, आपले शब्द कळायला वेळ लागतो. मी माळ्यावरून पाट काढला, पुसला, बागेत ठेवला आणि 'थांब' म्हटलं. त्या दिवसापासून ती मराठीत थांबते. हळूहळू मी दूर जायला लागले, तिच्याभोवती फिरायला लागले, काठीला बांधलेलं फेझंटचं, म्हणजे इथल्या लांब शेपटीच्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचं, पीस तिच्या नाकापुढून नाचवायला लागले. मग एक दिवस पाट काढून घेतला आणि ती गवतावर, पाट नसलेल्या जागी, चारी पाय जुळवून उभी राहिली. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मोकळं करायचं कसं? त्यासाठी शब्द वापरायचा नाही, ही म्हातारबुवांची सक्त ताकीद होती. कुत्रीच्या अंगावर दोन बोटं टेकवायची, की ती सुटली. ते म्हणत, "तोंडातून काहीही निसटतं. हात आपल्या ताब्यात असतो." मला ते पटलं होतं. माझं तोंड ताब्यात नसतं, हे उघडच होतं.

घरात इतर अडचणी होत्याच. पक्षी आणून द्यायला शिकवायचं तर मेलेला पक्षी लागतो, आणि तो ठेवायचा फ्रीझरमध्ये. आमच्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, मटार आणि गणपतीचे उरलेले मोदक. सुट्टीला आलेल्या लेकीने मोदक काढायला खण उघडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला फेझंट तिच्या हातात आला. ती माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलते, त्या दिवशी मात्र शुद्ध मराठीत ओरडली. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने सायकलींच्या शेडमध्ये एक छोटा वेगळा फ्रीझर आणून ठेवला. त्याला हात लावणार नाही, त्यात काय आहे ते विचारणारही नाही, एवढं त्याने जाहीर केलं.

मलाही ते सगळं सोपं गेलं असं नाही. म्हातारबुवांबरोबर शिकारीला गेले तेव्हा कुत्रीने पहिला ताजा पक्षी माझ्या हातात आणून दिला. तो कोमट होता, मान सैल पडली होती. मला वाईट वाटलं. आणि तिने एक पीसही न मोडता, सांगितल्यासारखा, बरोबर माझ्या तळहातावर आणून ठेवला याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटलं. त्यातलं एक खोटं ठरवायच्या भानगडीत मी पडले नाही.

सतराव्या महिन्यात, शरद ऋतूत, पहिली परीक्षा आली. बीटाचं शेत, पानं गुडघ्याच्या वर, रात्रीच्या पावसाने ओली. परीक्षक, दोन बंदूकधारी आणि बांधावर पंधरा-वीस बघे. त्यांत म्हातारबुवाही होते, हात पाठीमागे बांधून. माझी कुत्री वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी धावायला लागली तेव्हा बांधावरची कुजबूज थांबली, हे मी स्वतः पाहिलं. चौथ्या की पाचव्या वळणावर ती थबकली. पाय वर, शेपूट सरळ. मी मनात म्हटलं, आता बघा. तिच्यापाशी पोचले, अरुंद ओळीतून तिच्या बाजूने पुढे जायला निघाले. माझा बूट तिच्या मागच्या पायाला लागला, एवढं मला आठवतं. पुढच्याच क्षणी ती सुटली. फेझंट फडफडत उडाला, बंदुका अजून खांद्यालाही लागल्या नव्हत्या, आणि परीक्षकाने शिट्टी वाजवली. बाद.

मी तिला दोरी लावली आणि गाडीपर्यंत वाटभर बोलत गेले. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. इतकं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी, चारचौघांत नाक कापलंस, हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य. ती मान खाली घालून चालत होती. म्हातारबुवा गाडीशी आले, म्हणाले, अजून वसंतातली परीक्षा आहे. तेवढी एकच उरली होती.

मग मी कंबर कसली. माझा संताप थंड झाला की त्याची शिस्त होते, आणि ती संतापापेक्षा वाईट असते. रोज सकाळ-संध्याकाळ थांबणं. जरा हलली की दोरीला हिसका आणि करडा आवाज. शुक्रवारी शेतावर नेऊन पक्ष्यांसमोर तेच. तिची चूक तिच्या डोक्यातून खरवडून काढायची, असं मी ठरवलं होतं.

सहाव्या आठवड्यात ती तितरांच्या बाजूने निघून गेली. वास तिला आला होता, मान किंचित वळलेली मी पाहिली. पण तिने मान परत सरळ केली, शेपूट खाली घातली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली, जणू तिथे काही नव्हतंच. पुढच्या वेळीही तेच झालं. म्हातारबुवांनी ते तिसऱ्यांदा झालेलं पाहिलं आणि मला बांधावर बोलावलं.

"ती पक्ष्यांना टाळत नाहीये," ते म्हणाले. "तुला टाळते आहे. पक्ष्याचा वास आला की पाठोपाठ तुझा राग येतो, एवढंच ती शिकली आहे."

इथली माणसं असं तोंडावर बोलतात. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झाली आहे, पण त्या दिवशी मी सायकल हातात धरून चालत घरी आले. पक्षी टाळणारी कुत्री परीक्षेत काय करणार? मार्च तर समोर दिसत होता.

घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं, ते सापडलं स्वयंपाकघरात, आणि शोधलं नवऱ्याने, ज्याने तोवर कुत्रीच्या शिक्षणात काडीचाही रस घेतला नव्हता. रविवार होता. मी पोळ्या करत होते आणि ती ओटा आणि फ्रीज यांच्या मधोमध, नेहमीच्या अडचणीच्या जागी पसरली होती. मी तूप काढायला वळले. थोड्या वेळाने नवरा टेबलावरून म्हणाला, "परत कर."

काय परत करू, मी विचारलं.

"आत्ता जे केलंस ते. तिला पाय लागला, आणि मग तू काय केलंस?"

काय करणार? पाय लागला म्हणून वाकून तिला हात लावला आणि तो छातीला टेकवला. लहानपणापासून करते. वहीला पाय लागो, माणसाला लागो, ताटाला लागो. नमस्कार केला नाही तर आई पाठीत धपाटा घालायची. तो मी करते हे मला कळतही नाही. नवऱ्याने बोटाने दाखवलं. कुत्री उठून मागच्या दारापाशी जाऊन उभी होती, बाहेर जायला तयार. तो म्हणाला, दरवेळी असंच होतं. तुझा पाय लागतो, तू हात लावतेस, ती उठून जाते. मला वाटायचं हे तू तिला शिकवलंयस.

शिकवलंच होतं. अंगावर दोन बोटं टेकली की तू मोकळी, हे मीच तर शिकवलं होतं, बारा महिने, रोज. बीटाच्या शेतात ती सुटली नव्हती. मी तिला सोडलं होतं. तिने हुकूम पाळला आणि मी तिला त्याची शिक्षा सहा आठवडे दिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या याच.

तव्यावरची पोळी जळाली. मी गॅस बंद करून जमिनीवर बसले आणि रडले. ती परत आली, माझ्या पिठाच्या हातांचा वास घेऊ लागली. मी तिच्या पुढच्या पायांना हात लावून खरोखरीचा नमस्कार केला, माफी मागितली. ती लगेच उठून दाराकडे गेली. नवऱ्याला हसू आवरेना आणि मग मलाही.

म्हातारबुवांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते तीनदा करून दाखवायला लावलं. त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग ते म्हणाले, यात अवघड काय, ही सवय सोडून दे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. डावा हात खिशात, उजव्यात शिट्टी, असं चालून पाहिलं. पण पाय लागला की शिट्टीसकट हात खाली जायचा. जित्याची खोड आहे ती. आणि खरं सांगायचं तर ती मोडावी असं मला मनापासून वाटतही नव्हतं. आपला पाय कुणाला लागला तर क्षणभर थांबून त्याची दखल घ्यायची, यात वाईट काय आहे? परदेशात येऊन बऱ्याच गोष्टी सोडल्या, काही आपोआप सुटल्या. ही सुटली नव्हती, तर मीच कशाला सोडवून टाकू?

मी ठरवलं, माझी सवय बदलायची नाही, कुत्रीसाठी तिचा अर्थ बदलायचा. पाय लागला, हात लागला, की थांबायचं. मोकळं करायला वेगळी खूण, जिभेने हलकेच टक् असा आवाज. म्हातारबुवांनी मान हलवली. कुत्रीच्या अंगात एकदा मुरलेली खूण उलटी करायला एक अख्खं वर्ष जातं, ते म्हणाले, तुझ्याकडे चार महिनेही नाहीत. आणि करार आहे तसाच राहील. मी म्हटलं, राहू दे.

पाट पुन्हा बागेत आला. ती वर उभी, मी बाजूने जायचे, बूट हळूच तिच्या पायाला लावायचे, वाकून हात लावायचे, छातीशी न्यायचे. पहिले अनेक दिवस ती उडी मारून उतरायची. मी रागवत नव्हते. पुन्हा वर घ्यायचं, पुन्हा पाय, पुन्हा हात. अर्धा क्षण थांबली तरी चीजचा तुकडा. नवराही सामील झाला. संध्याकाळी कामावरून आला की बूट न काढता आधी बागेत यायचा आणि कुत्रीला पाय लावून नमस्कार करायचा. शेजारच्या बाई कुंपणावरून पाहायच्या. एकदा त्यांनी विचारलं, हा तुमच्या धर्मातला काही विधी आहे का. नवरा म्हणाला, हो, फार जुना.

पक्ष्यांचं वेगळं होतं. तिथे शिकवायचं काहीच नव्हतं, मी बिघडवलेलं भरून यायची वाट बघायची होती. दर शुक्रवारी शेताच्या कडेने नुसती चालायचे. शिट्टी नाही, दोरी नाही, हुकूम नाही. ती तितरांना टाळून गेली तर जाऊ द्यायचं. तोंड मिटून ठेवायचं, जे मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. डिसेंबर गेला, जवळजवळ सगळा जानेवारी गेला. एका गारठलेल्या सकाळी ती नेहमीसारखी मान वळवून पुढे निघाली, दोन पावलं गेली, आणि परत फिरली. थांबली. पाय उचलला. मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काही बोलले नाही. मग तिने नजर समोर नेली आणि उभी राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात हलवायची मला छाती होत नव्हती.

परीक्षा मार्चमध्ये झीलंड प्रांतात झाली, समुद्राच्या बांधाला लागून असलेल्या सपाट शेतांत. वसंतात पक्षी मारत नाहीत. या दिवसांत तितरांच्या जोड्या जमलेल्या असतात, आणि तितर इथे आता इतके कमी उरलेत की एरवीही त्यांच्यावर कुणी गोळी झाडत नाही. कुत्रीने शोधायचं, दाखवायचं, पक्षी उडाले की हवेत बार, आणि कुत्रीने जागचं हलायचं नाही. प्रत्येक कुत्र्याला दोन संधी, जेमतेम पंधरा-पंधरा मिनिटांच्या. पहिल्या संधीत आमच्या वाट्याला आलेल्या शेतात पक्षीच नव्हते. ती सुंदर धावली, पण नुसतं धावून प्रमाणपत्र मिळत नाही.

दुसऱ्या वेळी दुपार झाली होती आणि वारा इतका होता की परीक्षकाचं बोलणं अर्धं उडून जात होतं. गहू वीतभर वर आलेला, माती चिकट. ती सुटली, डावीकडे, उजवीकडे, वाऱ्यात नाक उंच धरून. वेळ संपत आला होता. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर क्षणाला बघत होते. आणि मग दूर, अगदी कडेच्या चराजवळ, ती थांबली.

मला तिथवर जायला किती वेळ लागला कोण जाणे. तिच्या पाठीवरचे केस वाऱ्याने उलटे होत होते, बाकी काही हलत नव्हतं. मी तिच्या बाजूला पोचले, पुढचं पाऊल टाकलं, बूट मातीत रुतला, झोक गेला आणि माझी पोटरी तिच्या मांडीवर आदळली. हात खाली गेलाच. मला तो जाताना दिसला, थांबवता आला नाही. बोटं तिच्या अंगाला लागली आणि माझ्या छातीला टेकली.

ती उभी राहिली. उलट पोट आणखी जरासं खाली घेऊन, अधिक घट्ट उभी राहिली. मी पुढे गेले. तितरांची जोडी फर्रकन उठली, बार झाला, पक्षी चर ओलांडून पलीकडच्या शेतात उतरले. मी मागे पाहिलं. ती होती तिथेच होती, फक्त डोळे पक्ष्यांबरोबर गेले होते.

परीक्षकाने जवळ येऊन विचारलं, मघाशी हाताने काय केलंत, कुत्रीला धरलं का. मी सांगितलं, माझा पाय लागला म्हणून तिची क्षमा मागितली, आमच्यात तसं करतात. त्यांनी बांधावर उभ्या असलेल्या म्हातारबुवांकडे पाहिलं. म्हातारबुवांनी ओरडून सांगितलं की ही बाई घरी दिवसभर तेच करत असते. परीक्षक हसले नाहीत, कागदावर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी निकाल वाचला तेव्हा आमचं नाव होतं, प्रमाणपत्रासह. माझ्या कुत्रीने माझं नाव काढलं, एवढंच मी नवऱ्याला फोनवर म्हणू शकले.

म्हातारबुवा तिला निरोप द्यायला गाडीपर्यंत आले. मी डिकी उघडली आणि मग लक्षात आलं की आत काय आहे ते त्यांना दिसणार. तिची गादी, जेवणाचं भांडं, लसीकरणाची वही, तिचा चावून चावून मऊ झालेला दोर, सगळं एका मोठ्या पिशवीत नीट भरलेलं. वर दोन पानं, माझ्या शाळकरी डचमध्ये. शेजारी कुणी बसलं तरच ती जेवते. पवनचक्कीची सावली अंगावरून गेली की घाबरते, तेव्हा नुसतं चालत राहायचं. रागवलं तर ती विसरत नाही, म्हणून रागवू नका.

त्यांनी ती पानं उचलून चष्मा लावला आणि दोन्ही वाचली. मग विचारलं, आज नापास झाली असती तर?

इथूनच तुमच्याबरोबर पाठवणार होते, मी म्हटलं. सही केली होती.

मीही त्यांना विचारलं. नेली असती का खरंच? आता पाहिल्यावर, इतकं सगळं झाल्यावर?

त्यांनी पानांची घडी घातली आणि परत पिशवीवर ठेवली. "नेली असती," ते म्हणाले.

आमच्याकडचा कुणी असता तर म्हणाला असता, छे हो, कसली नेतोय, मी आपलं म्हटलं होतं. आणि मी ते हसून ऐकलं असतं. पण मग ती माझ्याकडे राहिली असती ती कुणाच्या तरी चांगुलपणामुळे. म्हातारबुवांनी माझ्यावर ती मेहेरबानी केली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. ती मला कुणी ठेवू दिलेली नाही. आम्ही दोघींनी ते मिळवलंय. मी तिला गाडीत घेतलं, मागे नाही, शेजारच्या सीटवर, आणि आम्ही घरी आलो.